घाटाचं चित्र

कर्जतला पुण्याकडची गाडी थांबते, बटाटेवड्याच्या टोपल्या खिडक्यांशी येतात, आणि मागून हलका धक्का बसतो. बँकर लागला, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं. 37 फुटांमागे एक फूट अशी ही चढण; मागून रेटल्याशिवाय बहुतेक गाड्या घाट चढत नाहीत.

रेल्वेची जुनी प्रवासी पोस्टर्स पाहताना मला हा धक्का आठवतो, कारण त्यांत तो कधी नसतो. निळे सपाट डोंगर, केशरी आभाळ, बाकी निवांत. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, म्हणून रंग मोजके आणि बारकावे गाळलेले. पण काय गाळायचं हे दगड ठरवत नाही.

आपल्या याच बोरघाटात 1856 ते 1863 रेल्वेमार्गाचं काम चाललं. 25 बोगदे, 8 मोठे पूल. 1861 मध्ये 40,000 हून जास्त मजूर या कड्यांवर होते, आणि पटकीनं त्यांच्यातली माणसं भराभर जात होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथं आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिनं तडीस नेलं. तिचं नाव निदान राहिलं. दोराला लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणाऱ्यांचं एकही नाही.

घाट चढून लोणावळ्याच्या पुढे मळवली लागतं. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत काढलेला छापखाना 1899 मध्ये तिथं आला. तंत्र तेच, दगडाचं, एकावर एक रंग चढवण्याचं. पण तिथली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात जाऊन बसली, त्यांना हळदकुंकू लागलं. रेल्वेचं पोस्टर आमच्या भिंतीवर आलं नाही. 'हा देश पाहायला या' हे त्यावरचं बोलावणं इथं राहणाऱ्याला कोण कशाला देईल?

इथल्या माणसांनी घाटाची आठवण वेगळी ठेवली. खोपोलीच्या वर, जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रज साहेबाला वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस म्हणून त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली, असं सांगतात. गोष्ट जशी सांगतात तशी मी ऐकतो. हा डोंगर साहेबाच्या आधीपासून कुणाच्या तरी पायाखालचा होता, एवढं तिनं घट्ट धरून ठेवलंय, आणि मला पोस्टरमध्ये नेमकं तेच सापडत नाही. घाट चढणारे ड्रायव्हर आजही देवळासमोर गाडी हळू करतात आणि खिडकीतून नाणं टाकतात.