पाण्याचं भांडं

कात्रपच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर चिंगी राहायची. अकरा वर्षांची, पाच किलोची पॉमेरियन. मे महिना चालू होता. बदलापूरचा मे म्हणजे दुपारी गॅलरीची लादीसुद्धा चटके देते. त्यामुळे चिंगी पाणी जास्त पितेय, याचं कोणाला नवल वाटलं नाही.

आजींना वाटलं. भांडं त्याच भरायच्या. "दर उन्हाळ्यात तिला एक भांडं पुरतं. या आठवड्यात तीन-तीन लागतायत," त्या म्हणाल्या.

"आई, वय झालं तिचं," मुलगा बूट काढता काढता म्हणाला.

"काल हॉलमध्ये शू केली हो तिने," सून म्हणाली. "म्हातारपणी व्हायचंच."

याआधी चिंगीने घरात शू केल्याचं आजींना आठवत नव्हतं. वय तर रोजच वाढतं, पण कणाकणाने. आठवडाभरात तिप्पट झालेली तहान वयाच्या खात्यावर मांडली, की पुढचं काही विचारायचं राहूनच जातं, आणि मुक्या जिवाच्या बाबतीत ते फार महागात पडतं.

शनिवारी तिने दूधभात नुसता हुंगला. दोनदा पिवळं ओकली आणि सोफ्याखाली जाऊन बसली. शेजारच्या काकू काळजीने क्रोसिनची अर्धी गोळी घेऊन आल्या. आजींनी ती घेतली नाही. माणसाच्या तापाच्या गोळीने कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चिंगीचा वरचा ओठ उचलला. मागे गोचीडतापात डॉक्टरांनी त्यांना हे दाखवलं होतं: हिरडी बोटाने दाबायची आणि सोडायची. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. आज हिरडी मुळातच फिकी होती, आणि डाग पांढराच राहिला. पोट हाताला ताठ लागलं.

"रिक्षा बोलाव," त्या मुलाला म्हणाल्या. "सोमवारपर्यंत थांबायचं नाही."

निघताना त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून पिशवीत घातलं. दुधाच्या खाड्यांबरोबर त्यात चिंगीच्या नोंदीही असत. डॉक्टरांनी तेच आधी पाहिलं.

"हीटवर कधी आली होती? हं, एप्रिलच्या सुरुवातीला. नसबंदी केलेली नाही ना, आजी?"

"नाही."

सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने तट्ट फुगलेलं दिसलं. पायोमेट्रा. नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या मादीला हीटनंतर महिना-दोन महिन्यांत हा आजार गाठू शकतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काही स्राव दिसत नाही, पू आतच साठतो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी वाढते आणि त्यापायी तहान. पाच किलोच्या कुत्र्याने दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर ऋतू कोणताही असो, डॉक्टरांना दाखवायला हवं.

"पण या वयात भूल झेपेल?" मुलाने विचारलं.

"जोखीम आहे. पण गर्भाशय आत फुटलं तर हातात काहीच उरणार नाही. आधी सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन तिला सावरू, मग रात्रीच ऑपरेशन करू."

रात्री उशिरा गर्भाशय आणि बीजकोश काढले. पहाटे चिंगीने डोकं वर केलं, तिसऱ्या दिवशी आजींच्या हातून भात खाल्ला. टाके निघेपर्यंत गळ्यात प्लास्टिकची कॉलर होती. ती दारांवर आपटत घरभर फिरायची, आणि तो आवाज सगळ्यांना गोड वाटायचा.

टाके काढून परतताना जिन्याच्या वळणावर आजी कठड्याला धरून थांबल्या. मुलगा चिंगीला घेऊन वर पोचला होता, तो खाली आला.

"आई, हा दम कधीपासून लागतोय?"

"अरे, वय झालं आता माझं."

"कधीपासून?"

आजींनी थोडा विचार केला. "होळीच्या आधी लागत नव्हता," त्या म्हणाल्या.

मुलाने खिशातून फोन काढला आणि तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या, डॉक्टरांची वेळ घेतली.