टाके सुटल्यानंतरची वेदना

शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ते यश नेमके कोणाचे, याचा विचार सहसा होत नाही. अंडाशयातील गाठ निघाली, टाके सुटले, सोनोग्राफीत काही आढळले नाही, की घरची मंडळी निश्चिंत होतात. तरीही एखादी स्त्री तीन-चार महिन्यांनी म्हणते, ‘ओटीपोटात अजून दुखते.’ येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जी वेदना यंत्राला दिसत नाही, ती केवळ सांगणारीच्या शब्दावर खरी मानावी काय?

मंचेरियलला स्थायिक होऊन पिढ्या लोटल्या, तरी आपल्या घरांतून बाळंतिणीचा सव्वा महिना पाळला जातो. डिंकाचे लाडू होतात, शेक-शेगडी होते, जड उचलू दिले जात नाही. गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र आठवड्याभरातच पाण्याची घागर तिची वाट पाहत असते. म्हणजे विश्रांती आपण जखमेला देत नाही, फळाला देतो. घरात पाळणा हलला नाही म्हणून दुखणेही नाही, हा न्याय नव्हे.

याचे विदारक रूप बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. डोक्यावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ म्हणून दंड. शस्त्रक्रियेनंतरही कित्येकींची कंबरदुखी गेली नाही. कोयता मात्र पुन्हा हाती आला. तेथे वेदना ऐकली गेली ती अवयव काढण्यापुरती, विसावा देण्यापुरती नव्हे.

यावर आक्षेप येईल की, प्रत्येक तक्रार खरी मानली तर कामचुकारपणा फोफावेल. शासकीय सेवेत रजेच्या अर्जासोबत वैद्यकीय दाखला मागणे मला योग्यच वाटे. सार्वजनिक पैशाचा हिशेब पुराव्याविना राहू शकत नाही. परंतु घर म्हणजे कचेरी नव्हे. तेथे अविश्वासाने वाचते ती फार तर कोणाची तरी थोडी मेहनत. गमावला जातो तो विश्वास.

शिवाय विश्वास म्हणजे प्रत्येक मागणीस होकार नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल वाढवणे, हाही बरे होण्याचा भाग आहे. रेंगाळलेल्या वेदनेमागे आतील भाग एकमेकांस चिकटणे, जंतुसंसर्ग किंवा दुखावलेली मज्जातंतू असू शकते. कित्येकदा कारण सापडतही नाही. ते शोधायचे तर आधी ऐकले पाहिजे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना सांगणाऱ्याच्या कथनाचा आदर राखावा, असे स्पष्ट नमूद केले. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतही आता स्वतंत्र स्थान आहे.

दुसऱ्याची वेदना आपणांस कधीच अनुभवता येत नाही. म्हणूनच तिच्याविषयी निकाल देण्याचा अधिकार आपला नाही. आपला अधिकार एवढाच की, ‘अजून दुखते का?’ असे विचारावे, आणि उत्तर येताच घागर आपण उचलावी.