टाकून दिलेला खडा



ईयोबच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय आपल्या वाचनात सहसा येत नाही. त्यात खाणीचे वर्णन आहे. माणूस काळोखात दिवा नेतो, वस्तीपासून दूर खोल खणतो, दोराला लोंबकळत खाली उतरतो आणि दगडांतून नीलमणी काढतो. एवढे सारे माणसाला साधते. पण ज्ञान कोणत्या खाणीत सापडेल, असे ग्रंथकार विचारतो. प्रभूचे भय बाळगणे हेच ज्ञान, असे त्याचे उत्तर आहे. बायबलमधला नीलमणी म्हणजे लाजवर्द नावाचा निळा दगड असावा, असे अभ्यासक मानतात. तरीही आज आपण ज्याला नीलम म्हणतो, त्या रत्नाची कहाणी या उपवासकाळात आपल्याला पुष्कळ शिकवून जाते.

नीलम हा कुरुंदाचाच एक प्रकार. धार लावण्याच्या चाकात ज्याची पूड वापरतात तोच हा कुरुंद. अॅल्युमिनियम आणि प्राणवायू यांच्या संयोगाने तो बनतो. अगदी शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. त्यात क्रोमियम मिसळले तर माणिक होते. लोह आणि टायटॅनियम ही दोन्ही अत्यल्प प्रमाणात एकत्र आली तर निळा नीलम होतो. श्रीलंकेतले नीलम ज्या खडकांत तयार झाले ते ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भूगर्भातल्या प्रचंड उष्णतेत व दाबाखाली घडले. पुढे ते खडक झिजले आणि नद्यांनी खडे वाहून आणून गाळात पुरले.

रत्नपुरा या गावाच्या परिसरात आजही या खाणी आहेत. भातखाचरांच्या कडेला चौकोनी विहिरीसारखा खड्डा खणतात, भिंती कोसळू नयेत म्हणून लाकडांनी आवळतात आणि पंपाने पाणी उपसत राहतात. खाली रत्ने असलेल्या रेताड थराला तेथील लोक ‘इल्लम’ म्हणतात. तो वर काढून वेताच्या टोपल्यांत पाण्यात घोळवतात. गाळ निघून जातो, जड खडे तळाशी उरतात. पुष्कळ खाणींत कामगाराला ठरलेला रोज मिळत नाही. जेवणखाण मिळते आणि रत्न निघाले तर त्यात वाटा. काहीच निघाले नाही तर हात रिकामे. सराफाच्या काचेमागचा निळा खडा पाहताना चिखलात कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला तो भाऊही आपल्याला दिसायला हवा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रत्नपुऱ्याच्या मातीत निळ्या खड्यांबरोबर दुधाळ, धुरकट खडेही निघतात. त्यांना ‘गेउडा’ म्हणतात. पूर्वी त्यांना किंमत नव्हती. १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी हेच खडे स्वस्तात विकत घेतले आणि भट्टीत घातले. सुमारे १,५०० अंश सेल्सियसच्या वर तापवल्यावर त्यांतले पुष्कळसे खडे पारदर्शक निळे होऊन बाहेर आले.

हे कसे झाले? खड्याला दुधाळ करणाऱ्या त्या सूक्ष्म सुया टायटॅनियमच्याच होत्या. आगीत त्या विरघळल्या, त्यातले टायटॅनियम लोहाशेजारी जाऊन बसले आणि रंग उमटला. बाहेरून रंग घातला नव्हता. ज्याने खडा गढूळ केला होता, त्यानेच तो निळा झाला.

बंधुभगिनींनो, देवाची कृपा आपल्यात असेच कार्य करते. संत पौलाचा आवेश पाहा. त्याच आवेशाने तो ख्रिस्तसभेचा छळ करीत होता. प्रभूने त्याचा आवेश काढून घेतला नाही. तो शुद्ध केला आणि सुवार्तेसाठी वापरला. पेत्राचा उतावळा स्वभावही प्रभूने असाच हाती घेतला. आपला हट्ट, आपला राग, आपली चिंता घेऊन आपण पापनिवेदनाला जातो, तेव्हा प्रभू आपल्याला दुसराच माणूस बनवून परत पाठवत नाही. जे आपल्याला गढूळ करीत होते तेच तो उजळून देतो.

मात्र भट्टीत घालण्यापूर्वी कारागीर प्रत्येक खडा उजेडात धरून पाहतात आणि तडा गेलेला भाग काढून टाकतात. तडा आत राहिला तर खडा आगीत फुटू शकतो. पापनिवेदनापूर्वीचे आत्मपरीक्षण याचसाठी असते.

दुसराही एक प्रकार बाजारात आहे. फिकट खड्याच्या वरच्या थरातच रासायनिक प्रक्रियेने निळा रंग मुरवतात. तो थर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. खड्याला पुन्हा पैलू पाडले की आतला फिकटपणा उघडा पडतो. काही खड्यांच्या भेगांत रंगीत काच भरतात. प्रक्रिया करणे हा गुन्हा नाही, ती लपवून विकणे ही फसवणूक आहे. चुना फासलेल्या थडग्यांविषयी प्रभू येशू परुश्यांना जे बोलला, ते इथे आठवते. रविवारी मिस्सेत निळे आणि सोमवारी व्यवहारात फिके, असे आपले जीवन आहे का?

आणखी एक गोष्ट प्रेमाने सांगायला हवी. मुलाला नोकरी नाही, मुलीचे लग्न जमत नाही, आजारपण सरत नाही, अशा वेळी कुणीतरी शनीसाठी नीलमची अंगठी घालायला सांगते आणि काही घरे कर्ज काढून ती घेतात. ख्रिस्तसभेचा १९९२चा धर्मशिक्षण ग्रंथ (क्रमांक २११६ व २११७) कुंडली पाहणे आणि ताईत-गंडे बाळगणे नाकारतो. दागिना म्हणून अंगठी घालण्यात पाप नाही. पण आपले भविष्य खड्याच्या हाती देणे म्हणजे पित्याचा हात सोडणे होय. खडा देवाने घडवला आहे, तो आपल्याला तारू शकत नाही. अशा संकटातल्या कुटुंबाला दोष देत बसण्यापेक्षा या आठवड्यात आपण त्यांच्या घरी जाऊ, सोबत जपमाळ करू आणि शक्य असेल ती मदतही करू.

हे प्रभो, जगाने टाकून दिलेला खडाही तू उचलतोस. आमच्यातले गढूळपण तुझ्या प्रेमाच्या अग्नीत विरघळू दे आणि आम्हांला आतून-बाहेरून एकच रंग दे. आमेन.