काटकसर कोणाच्या पदरची?

काटकसर हे गृहस्थाश्रमाचे भूषण होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु वाचविलेला प्रत्येक पैसा काटकसरीचाच असतो काय, हा प्रश्न मला नुकताच पडला.

प्रथम साधा हिशेब पाहू. समजा, चहाची 25 ग्रॅमची पुडी 10 रुपयांस आणि 250 ग्रॅमचा पुडा 80 रुपयांस मिळतो. पुडीत ग्रॅमला 40 पैसे पडतात, पुड्यात 32. पाव किलोमागे 20 रुपये वाचले. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीने वेष्टनावर अशी एकक-किंमत छापण्याचे बंधन घातले आहे. किलोच्या आतील मालावर ग्रॅमची, किलोवरील मालावर किलोची. ती बारीक अक्षरे भगिनींनी चष्मा लावून अवश्य वाचावीत. मोठे ते स्वस्तच, असे नाही. शाम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीहून स्वस्त पडते!

या हिशेबात कोणाचे काही जात नाही. मात्र त्यासाठी हाती 80 रुपये असावे लागतात. कडोदऱ्याच्या कारखान्यांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे पगाराआधीच्या आठवड्यात 10 रुपयांचीच पुडी घेतात. त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याची मला लाज वाटते.

कुपनाची गोष्ट निराळी. एका दुकानात तेलाच्या पिशवीवर 25 रुपयांची सवलत होती; कुपनावर 'एका कुटुंबास एक' असे छापले होते. आईने एक पिशवी आणली. अर्ध्या तासाने दुसरे कुपन घेऊन मी रांगेत उभा राहिलो आणि विचारताच निराळे घर सांगितले. माझ्यामागे कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. तिच्या पाळीस सवलतीचा माल संपला. कापडी पिशवीची घडी करून ती निघून गेली.

कोणी म्हणेल, कुपन ही दुकानदाराची जाहिरात. तेथे कसले आले पाप? मीही वाटेत मनाला हेच सांगत होतो. परंतु ती मर्यादा दुकानदाराने आपल्या सोयीसाठी घातली असली, तरी तिचा लाभ मागे उभ्या असलेल्या माणसाला व्हावयाचा असतो. मी दुकानदाराशी खोटे बोललो आणि पिशवी मात्र त्या बाईची घेतली.

घरी वडिलांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ही पिशवी समईसाठी फोडू नकोस."

ती अद्याप फडताळात तशीच आहे.