हात आवरणं ही सेवा, की पळवाट?



माझा भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. त्याने घरी साप पाळलेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला साप धरून घरी ठेवणं गुन्हा आहे. तिथे मात्र कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप, तोही माणसांकडेच जन्मलेला, लोक काचेच्या पेटीत ठेवतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या घरी सगळ्यांचे चहाचे कप हातातच राहिले होते!

यंदा मे अखेरीस त्याच्या मादीने प्रथमच अंडी घातली. तेरा अंडी. ही मादी अंडी घालते आणि निघून जाते, उबवत बसत नाही. रानात ऊब देते ती माती आणि कुजणारा पाला. घरात ते काम माणसाने करायचं.

पण उबवायला ठेवण्याआधी त्याने एक यादी केली. कोणतं पिल्लू कोणाकडे जाईल, कोणी नाही नेलं तर आपण किती सांभाळू. हा साप नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. ज्याला घर देता येणार नाही त्याला जन्माला घालायचं का, हा प्रश्न त्याने आधी सोडवला आणि मगच डबा आणला. मला ते फार बरं वाटलं.

मग फोनवर रोज नवीन माहिती. "मावशी, कोंबडी अंडी सारखी फिरवते ना? इथे नेमकं उलटं. फिरवायचंच नाही." आतला जीव कवचाला धरून वाढायला लागला की अंडं उलटणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण. खाली ओलसर व्हर्मिक्युलाइट, तेच जे आपण कुंडीच्या मातीत मिसळतो. ओल कमी पडली की अंडी चेपतात, जास्त झाली की बुरशी धरते. तापमान २८ अंशांच्या आसपास, आणि साधारण दोन महिने वाट बघायची.

श्रावण लागला आणि पिल्लांनी कवच चिरायला सुरुवात केली. त्यांच्या तोंडाशी एक इवलासा दात असतो, तेवढ्यासाठीच. चीर पडली तरी पिल्लू लगेच बाहेर येत नाही. नाक बाहेर काढून दिवस-दोन दिवस आतच बसतं, उरलेला बलक अंगात जिरवतं.

अकरा अंडी उघडली. दोन बंदच राहिली. दोन दिवस गेले तेव्हा त्याचा फोन आला, "मावशी, हातात पातं आहे. कापू का?" कापलं तर आतली रक्तवाहिनी तुटू शकते. नाही कापलं तर पिल्लू आतच गुदमरू शकतं. तिथले जुनेजाणते लोकही दोन्ही बाजूंनी सांगतात.

आमच्याकडे त्या दिवशी नागपंचमी होती. विळी बंद, तवा बंद, चिरणं नाही, भाजणं नाही. मी काहीच सल्ला दिला नाही. एवढंच म्हटलं, "आज आमच्या घरात कोणी काही कापत नाही रे." तो थांबला.

एक पिल्लू आपणहून बाहेर आलं. दुसरं आलं नाही. चार दिवसांनी त्याने अंडं उघडलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, आणि मेलेलं.

"मी थांबलो म्हणून गेलं का?" तो रडत विचारत होता. माझ्या तोंडावर आलं होतं, 'देवाची इच्छा.' पण बोलवेना. कारण थांब असं आडून मीच सुचवलं होतं. न करणं हेही करणंच असतं, त्याचीही जबाबदारी येते.

तेव्हापासून विचार करते आहे. आळसाने हात बांधून बसणारा आणि सगळी काळजी घेऊन शेवटी हात आवरणारा, बाहेरून दोघे सारखेच दिसतात. फरक आधीच्या साठ दिवसांत असतो. ऊब, ओल, ती पेन्सिलीची खूण, पिल्लांच्या घरांची यादी, हे त्याच्या हातात होतं आणि त्याने ते केलं. कवच फोडण्याचं बळ मात्र त्याच्या हातात नव्हतं. ज्याने आपलं काम चोख केलंय त्यालाच 'पुढचं माझ्या हातात नाही' म्हणायचा अधिकार आहे. आणि तसं म्हणतानाही थोडं दुःख सोबत राहिलं तर राहू द्यावं. ते दुःख पुढच्या वेळी जास्त सावध करतं.

मी त्याला म्हटलं, "तू चुकलास की नाही हे मला ठाऊक नाही, तुलाही कळणार नाही. पण तू निष्काळजी नव्हतास. आणि थांबण्यात माझाही वाटा आहे." मग बराच वेळ दोघेही फोन धरून गप्प होतो.

आपल्या मुलांच्या, सुना-जावयांच्या संसाराशीही आपण कधी कधी असंच पातं घेऊन उभे असतो. कापावं की थांबावं? तुमच्या घरी यावर काय बोलणं होतं, जरूर कळवा.