संमती कोणाची?

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मांजरी हे गाव ऊस व द्राक्षे यांच्या संशोधनासाठी आम्हां पुणेकरांस परिचित आहेच. परंतु हडपसर-मांजरीच्या या परिसरास आज जगभर जी कीर्ती लाभली आहे ती लसींमुळे होय. १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने मेंदूच्या आवरणांच्या दाहावर तयार केलेली एक लस २०१० साली आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात मोठ्या प्रमाणावर टोचण्यास प्रारंभ झाला. ज्या साथींत मुले दगावत, अथवा वाचलीच तर बहिरी व अपंग होऊन राहत, त्या साथी त्या एका जातीच्या जंतूपुरत्या जवळजवळ नाहीशा झाल्या. या लसीची किंमत एका मात्रेस अर्ध्या डॉलरहूनही कमी ठेवण्यात आली होती. या कार्याचा अभिमान कोणास वाटणार नाही? तथापि या अभिमानाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. कोट्यवधी मुलांस लस टोचण्यापूर्वी ती कोणा तरी थोड्या मुलांस प्रथम टोचावी लागते. त्या मुलांनी संमती दिलेली नसते. ती देण्याचे त्यांचे वयच नसते. मग हा अधिकार आला कोठून?

जुना इतिहास पाहता या प्रश्नाची दोन उत्तरे दिसतात. १७९६ साली जेन्नरने देवीच्या लसीचा पहिला प्रयोग केला तो आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलावर. त्यानंतर एका शतकाने, १० जानेवारी १८९७ रोजी, हाफकिनने मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. या दोहोंत हाफकिनचे उदाहरण आम्हांस अधिक उदात्त वाटते. जो धोका दुसऱ्यास पत्करावयास लावावयाचा तो आधी आपण पत्करावा, हा न्याय साधा आणि निर्मळ आहे.

परंतु हा न्याय सर्वत्र पुरा पडत नाही, हीच खरी अडचण आहे. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या अर्बुदांचे उदाहरण घ्या. लहान मेंदूत उद्भवणारे मेड्युलोब्लास्टोमा नावाचे अर्बुद मेंदू व पाठीचा कणा यांभोवतीच्या द्रवातून पसरते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदू व कणा यांवर किरणोपचार करण्याची प्रथा आहे. त्याने पुष्कळ मुले वाचतात. पण वाढत्या मेंदूवर पडलेले तेच किरण बुद्धी, स्मरणशक्ती व शरीराची वाढ यांस बाध आणतात. हा बाध किती येतो हे प्रौढ डॉक्टरास स्वतःवर प्रयोग करून कळणार नाही, कारण त्याचा मेंदू वाढीस लागलेला नाही. मुलांचा प्रश्न मुलांपाशीच सुटणार.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००१ ते २०१२ या काळात मेंदूतील सौम्य व मंदगतीच्या अर्बुदांनी पीडित अशा २०० मुलांस व तरुणांस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास नेहमीच्या पद्धतीने किरण दिले. दुसऱ्यास अर्बुदापुरते अचूक मर्यादित केलेले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. परंतु पाच वर्षांच्या काळात दुसऱ्या गटाची बुद्धी अधिक चांगली टिकली होती.

याच्या उलट अनुभवही याच संस्थेस आला. मेड्युलोब्लास्टोमाचा जो प्रकार सर्वांत बरा मानला जातो, त्यात कण्यावरील किरण प्रारंभी टाळता येतील काय, हे पाहण्याचा यत्न अलीकडच्या वर्षांत झाला. हेतू दयेचाच होता. पण काही मुलांत रोग उलटला आणि अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मुलांवर प्रयोग करूच नयेत. हे मत दयाळू दिसते खरे. पण त्याचा परिणाम काय होईल? उपचार तर चालूच राहतील. ते योग्य की अयोग्य हे मात्र कोणी तपासणार नाही. प्रत्येक मूल एक प्रयोगच ठरेल, आणि त्याच्या दुःखातून पुढच्या मुलास काहीच लाभणार नाही. उलटपक्षी दुसरा म्हणेल, हजारांच्या हितासाठी दहांनी सोसले तर बिघडले कोठे? यास कांटचे उत्तर प्रसिद्ध आहे: मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. आणि जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्या बाबतीत हा निषेध अधिकच कडक असला पाहिजे.

आमच्या मते या पेचातून वाट काढावयाची तर प्रथम आईबापांचा अधिकार नीट ओळखला पाहिजे. मूल ही त्यांची मालमत्ता नव्हे. ते त्याचे विश्वस्त आहेत. विश्वस्ताने तेवढेच करावे, ज्याचा हिशेब धनी मोठा झाल्यावर त्याच्यापुढे मान वर करून मांडता येईल. या कसोटीने पाहिल्यास चिठ्ठ्या टाकणे दोन्ही उपचारांविषयी ज्ञात्यांस खरोखरच संशय असेल तेव्हाच न्याय्य ठरते. एक उपचार कमी प्रतीचा हे आधीच ठाऊक असता चिठ्ठी टाकणे हा विश्वासघात होय. धोका दिसताच थांबणे हेही याच हिशेबाचे अंग आहे. निरोगी मुलास लस टोचताना तर अधिकच जपले पाहिजे, कारण तेथे बरे करावयास रोगच नसतो. सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा असे आपल्याकडील नियम सांगतात. तो निव्वळ उपचार समजू नये.

याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. दूरच्या खेड्यातून मुलास घेऊन मुंबईस आलेला, धर्मशाळेत किंवा रुग्णालयाच्या ओसरीवर रात्री काढणारा बाप कागदावर अंगठा उमटवितो, तेव्हा तो समजून होकार देतो की दुसरा मार्ग नाही म्हणून? नाही म्हटले तरी उपचारात तसूभर उणे होणार नाही, ही खात्री ज्यास नाही, त्याच्या होकारास आम्ही संमती म्हणू शकत नाही. ही खात्री देणे हे समाजाचे काम आहे. ज्या समाजास औषधे शोधावयाची आहेत, त्याने गरिबाच्या नकाराचीही किंमत आधी चुकती केली पाहिजे.