फेमिना म्हणजे कोण?

‘फेमिनिझम’ हा शब्द आपण सतत वाचतो. त्याच्या पोटात ‘फेमिना’ हा लॅटिन शब्द आहे. अर्थ : बाई. पण बाईला फेमिना का म्हणायचं?

याचं एक उत्तर १४८६च्या सुमारास जर्मनीत छापलं गेलं. हाइनरिश क्रामर या धर्मगुरूने चेटकिणी कशा ओळखाव्यात, त्यांच्यावर खटले कसे चालवावेत, यावर ‘मालेउस मालेफिकारुम’ हा ग्रंथ लिहिला. त्यात म्हटलंय : ‘फे’ म्हणजे श्रद्धा, ‘मिनुस’ म्हणजे कमी. जिची श्रद्धा कमी, ती फेमिना. म्हणूनच ती सैतानाच्या नादी लवकर लागते!

भाषाशास्त्रात याला काडीचा आधार नाही. पण हसू नका. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, असं आपली मनुस्मृतीही सांगते. निष्कर्ष आधी ठरवायचा, शब्द मागाहून फोडायचा.

अभ्यासकांनी मान्य केलेली व्युत्पत्ती वेगळी आहे. दूध पिणं-पाजणं या अर्थाचा एक प्राचीन इंडो-युरोपीय धातू आहे. त्यावरून फेमिना, म्हणजे दूध पाजणारी. आपल्याकडचे धेनु आणि धात्री हे शब्द त्याच धातूचे. आणि लॅटिनमध्ये मुलगा म्हणजे ‘फिलिउस’, तोही त्यातलाच : दूध पिणारा.

हे वाचून मी हरखून गेले. रोम आणि आपण एकाच दुधाचे! लगेच मैत्रिणीला मेसेज केला. तिला मूल नाही. व्हावं म्हणून तिने बरंच सोसलंय. तिचं उत्तर आलं, “मग मी कोण?”

मला काय लिहावं सुचेना. क्रामरची व्युत्पत्ती खोटी, माझी खरी. पण दोघांनीही शब्दाचं मूळ बाईच्या अंगावर मोजमापासारखं लावलं होतं. त्याने तिला जाळण्यासाठी, मी तिला मखरात बसवण्यासाठी. मखरातही जागा मोजकीच असते.

फिलिउसकडे बघा. तो चाळीस वर्षांचा झाला, तरी ‘अजून दूध पितोस का?’ असं त्याला कुणी विचारत नाही. त्याचा शब्द त्याच्याबरोबर मोठा झाला. फेमिनाला मात्र आपण मुळाशीच बांधून ठेवतो.

शब्द कुठून निघाला हे व्युत्पत्ती सांगते. माणसाने कुठे पोचावं, हे सांगणं तिचं काम नाही.

रात्री उशिरा मी तिला एवढंच लिहिलं : “चुकलं माझं. तू कोण, ते तू सांग.”